फडकी आणि चेहरा

ऑटो रॉथफेल्ड हे मुंबई इलाख्यातले आय.सी.एस. अधिकारी. त्यांच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकासाठी महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी रंगीत चित्रे काढली. पुस्तकातले एक प्रकरण कष्टकरी व आदिवासी स्त्रियांवर आहे, एक स्त्रियांच्या पोशाखावर. मी ते सुरगाण्यात, मोबाइलवर, चित्रे दोन बोटांनी मोठी करत पाहिले.

लुगड्याचा ओचा, कासोटा, चालताना ताणलेली निरी यांची धुरंधरांइतकी जाण आपल्याकडे क्वचितच कोणाला असेल. पण पाने उलटत गेलो तसे चेहरे मात्र एकाच साच्यातले वाटू लागले. खाली जात, प्रांत किंवा धंदा. बाईचे नाव नाही. याच धुरंधरांनी प्रतिष्ठितांची व्यक्तिचित्रे केली, तिथे नाव असते. हा दोष एकट्या त्यांचा नव्हे. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या 'वंश आणि जमातीं'चे दोन छायाचित्रखंड काढले. त्यांत माणसांचे फोटो वेगळे, पार्श्वभूमी वेगळी, आणि दोन्ही नंतर जोडलेले. माणूस कुठे उभा होता याला किंमत नव्हती. अंगावर काय होते याला होती.

आता आमच्या घरची तसबीर. आजी कोकणी. ती वारल्यावर वडिलांनी लग्नातला एक गटफोटो नाशिकच्या एका स्टुडिओत दिला आणि तिथल्या चित्रकाराने त्यातून तिला मोठे करून रंगवले. फोटोत गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि डोक्यावरून फडकी. तसबिरीत जरीकाठी साडी, आणि तिच्या गळ्यात कधीच नसलेला हार. चेहरा मात्र तिचाच: कपाळावरचे गोंदण, किंचित वाकडा खालचा ओठ.

कित्येक वर्षे मी त्या चित्रकाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. या लेखासाठी आत्याला विचारले तेव्हा ती म्हणाली, "दादानंच सांगितलं होतं, फडकी काढा म्हणून. शहरात फडकी दिसली की आधी जात विचारायचे, मग पाणी." वडील शिक्षक होते, नाशकात भाड्याची खोली शोधत हिंडले होते.

म्हणजे पुस्तकात कपडा राहिला, बाई गेली; आमच्या भिंतीवर बाई राहिली, कपडा गेला. समीक्षक म्हणून दोन्हींना सारखेच खोटे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. वडिलांना आपण कोणाचे काय लपवतो आहोत हे माहीत होते, आणि रोज सकाळी ते त्याच तसबिरीला हात जोडत. पुस्तकातल्या बाईला नाव विचारायची गरजच कोणाला वाटली नव्हती.

गटफोटोची प्रत मी आता तसबिरीशेजारी लावली आहे. त्यात आजी अंगठ्याच्या नखाएवढी दिसते. फोटो काळापांढरा आहे. फडकी लाल होती असे आत्या म्हणते. धाकटी आत्या म्हणते, हिरवी.