मिलरनंतरचा डेअरडेव्हिल

मार्व्हलच्या 'डेअरडेव्हिल'चा पहिला अंक १९६४ साली आला. कथा स्टॅन ली यांची, चित्रं बिल एव्हरेट यांची. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतला मॅट मर्डॉक दिवसा वकिली करतो आणि रात्री मुखवटा चढवून गुंडांशी भिडतो. लहानपणीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली आणि बाकीची इंद्रियं विलक्षण तीक्ष्ण झाली. हे पात्र आजवर कितीतरी लेखकांच्या हाती गेलं, पण वाचकांमधली चर्चा फिरून फिरून एकाच नावापाशी येते, ते म्हणजे फ्रँक मिलर. मिलर मोठे आहेतच. तरीही या मालिकेचा खरा कस त्यांच्या मागून आलेल्यांपाशी लागला, असं मला ठामपणे वाटतं.

मिलरपूर्वीची पंधरा वर्षं भराभर उलटली तरी चालतील. सत्तरच्या दशकात जेरी कॉनवे यांनी मॅटला ब्लॅक विडोसोबत सॅन फ्रान्सिस्कोला नेलं, तेवढं ध्यानात ठेवावं.

मिलर १९७९ मध्ये चित्रकार म्हणून आले आणि १९८१ च्या १६८व्या अंकापासून लिहूही लागले. त्याच अंकात मॅटची जुनी प्रेयसी इलेक्ट्रा आली आणि १८१व्या अंकात बुल्सआय या मारेकऱ्याच्या हातून मेली. किंगपिन हा मूळचा स्पायडरमॅनचा शत्रू. मिलरनी त्याला इथे आणलं आणि साऱ्या शहराची सूत्रं हलवणारा माणूस केलं. पण त्यांची खरी कमाई म्हणजे १९८६ मधली 'बॉर्न अगेन' ही सात अंकांची कथा. हेरॉइनच्या एका डोससाठी मॅटची जुनी प्रेयसी कॅरन पेज त्याची गुप्त ओळख विकते, आणि ती माहिती किंगपिनपर्यंत पोचते. किंगपिन मॅटला मारत नाही. तो त्याची बँकखाती गोठवतो, वकिली हिरावून घेतो, शेवटी राहतं घरही उडवून देतो. चित्रकार डेव्हिड मॅझुकेलींनी पहिल्या काही अंकांचं शीर्षकाचं पान एकाच धर्तीवर रचलं आहे: मॅट झोपलेला. आधी स्वतःच्या बिछान्यात, मग भिकार हॉटेलात, मग उघड्यावर. नायकाची घसरण सांगायला एवढं पुरतं. मुख्य प्रवाहातल्या अमेरिकन कॉमिक्समध्ये चित्र आणि कथा इतकी एकजीव झालेली फार थोड्या ठिकाणी आढळतात.

मिलरनी एक वाईट वळणही लावून दिलं. त्यांच्या कथेत बायका मरतात किंवा बरबाद होतात, आणि त्याचं दुःख भोगायचं मॅटने. पुढच्या अनेकांनी हेच उचललं. १९९८-९९ मध्ये केविन स्मिथ यांनी कॅरनला मारलं, तेही पुन्हा बुल्सआयच्याच हातून. ती कथा खूप गाजली. मला ती उसनी वाटते.

म्हणूनच ॲन नोसेंटी यांचं मोल मला फार वाटतं. 'बॉर्न अगेन'नंतर थोड्याच अवधीत मालिका त्यांच्याकडे आली आणि १९९१ पर्यंत राहिली. एवढ्या मोठ्या कथेनंतर लिहिणं सोपं नव्हतं. त्यांनी मिलरशी स्पर्धा केलीच नाही. मॅट आणि कॅरन गरिबांसाठी मोफत कायदेशीर मदत केंद्र चालवू लागले, आणि रसायनांच्या प्रदूषणाने अंध झालेल्या मुलाचा दावा मॅटने हाती घेतला. २५४व्या अंकात नोसेंटींनी टायफॉइड मेरी आणली. ही एकाच देहातली दोन व्यक्तिमत्त्वं, एक भोळी आणि एक क्रूर. मॅट एकीच्या प्रेमात आणि दुसरीच्या तावडीत. पुरुषाने स्त्रीच्या अशा दोन मूर्ती मनात का घडवाव्यात, हा प्रश्न त्या पात्रातून थेट मॅटला विचारला जातो. कुठेकुठे संवादांत भाषण शिरतं, सैतानाच्या कथा पसरट होतात. पण सुपरहिरोच्या ठोशाबद्दलच शंका घेणारी लेखिका त्या काळात दुसरी दाखवता येणार नाही. जॉन रोमिता ज्युनिअर यांची ठसठशीत चित्रं त्यांना पुरेपूर साथ देतात.

पुढे ब्रायन मायकल बेंडिस आणि ॲलेक्स मलीव्ह यांनी मॅटचं गुपित वर्तमानपत्रातून फोडलं. मग जाहीरपणे खोटं बोलत जगण्याचा ताण त्यांनी वर्षानुवर्षं ताणला. गती संथ, पण पकड घट्ट. २००६ मध्ये त्यांनी मालिका सोडली तेव्हा नायक तुरुंगात होता, आणि एड ब्रुबेकर यांनी तिथूनच कथा उचलली. पूर्वसूरीने ठेवलेली अडचण न पुसता पुढे नेणं, ही या मालिकेची उत्तम परंपरा.

मार्क वेड यांचं धाडस २०११ मधलं. तीस वर्षांच्या अंधारानंतर त्यांनी मॅटला हसायला लावलं. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर पाओलो रिव्हेरांनी आवाजांच्या शब्दांतूनच शहर उभारलं. अंध माणसाला जग कसं जाणवतं, हे इतक्या आनंदाने आधी कुणी दाखवलं नव्हतं. त्या हसण्यामागचं नैराश्यही वेड यांनी पुढे उघड केलं. मालिकेला २०१२ चं आयस्नर पारितोषिक मिळालं, ते योग्यच होतं. चिप झडार्स्की यांचा २०१९ पासूनचा कालखंडही दमदार आहे. हातून चुकून माणूस मेल्यावर मॅटने शिक्षा भोगायला जाणं, हे त्या कायदेपंडिताला शोभणारं आहे. मात्र त्याचा शेवट पुन्हा मिलरनी मालिकेत आणलेल्या निन्जांच्या गर्दीत अडकतो.

कथा म्हणून 'बॉर्न अगेन' पहिली, यात वाद नाही. लेखकाची सलग कारकीर्द म्हणून मात्र मी नोसेंटींना वर ठेवेन. नव्या वाचकाने 'बॉर्न अगेन' संपवून थांबू नये. २५४वा अंक मिळवून वाचावा.