अठ्ठ्याण्णव अंशांचे गुण

पुण्यातल्या एका शाळेत नववीच्या प्रयोगवह्या पाहत होतो. पाण्याचा उत्कलनबिंदू सगळ्यांचा १०० अंश सेल्सिअस. एका मुलीने ९८ लिहिले होते. गुण कापले होते ते नेमके तिचेच! पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते; महाबळेश्वरला तर ९५-९६ अंशांना. म्हणजे आपण गुण दिले ते पुस्तकातला आकडा उतरवण्याला. (ही सवय पुढे संशोधनात मोडताना आमची दमछाक होते.) दहावीला विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. त्यांतले निम्मे तरी प्रत्यक्ष नोंदींना आणि ‘१०० का आले नाही’ याच्या उत्तराला द्यावेत. तापमापीच सदोष असेल, ही शिक्षकांची शंका रास्त आहे. मग ती आधी वितळत्या बर्फात बुडवून शून्य तपासायला सांगावे, आणि त्यालाही गुण ठेवावेत.