अतिनवताऱ्यांचा पुरावा आणि डॉ. जयंत नारळीकरांचा आक्षेप : एक चिकित्सा

डॉ. जयंत नारळीकर यांच्याविषयीच्या गौरवपर लेखनात त्यांच्या महास्फोट सिद्धांतविरोधाचे कौतुक होते. त्या विरोधाची तपासणी मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात त्यांच्या एकाच आक्षेपाचा परामर्श घेतला आहे.

श्वेत बटू ताऱ्याच्या स्फोटातून होणाऱ्या 'आय-ए' प्रकारच्या अतिनवताऱ्यांचे (सुपरनोव्हांचे) मूळ तेज, आवश्यक दुरुस्त्यांनंतर, जवळपास सारखे असते. त्यामुळे दिसणाऱ्या तेजावरून त्यांचे अंतर काढता येते. १९९८ मध्ये दोन संशोधक गटांना दूरचे अतिनवतारे अपेक्षेहून अंधूक आढळले. त्यावरून विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचा निष्कर्ष निघाला. २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच शोधाला मिळाले.

नारळीकर, विश्वकर्मा व बर्बिज यांनी २००२ मध्ये वेगळा अर्थ सुचविला. अतिनवताऱ्यांतून बाहेर पडलेल्या धातूंच्या वाफेपासून सूक्ष्म तंतू बनतात. दीर्घिकांमधील अवकाशात पसरलेली ही धूळ प्रकाश शोषते, म्हणून तारे अंधूक दिसतात. कल्पना विलक्षण आहे : अतिनवतारा हाच दिवा आणि त्याच्यावरचा पडदाही तोच! साधी धूळ प्रकाश तांबूस करते. हे तंतू तसे फारसे करीत नाहीत. मात्र येथेच या युक्तिवादाची दुर्बलता आहे. रंगाच्या कसोटीतून सुटणारी धूळ तेजाच्या मोजणीतून सिद्धही होत नाही आणि खोडलीही जात नाही.

निवाडा तेजाशी संबंध नसलेल्या मोजपट्टीने करावा लागला. आद्य ध्वनिलहरींमुळे दीर्घिकांच्या वितरणात एक ठरावीक अंतर उमटलेले आहे. २००५ मध्ये ते आढळले. धुळीचा त्यावर परिणाम होत नाही. या पट्टीने मिळणारी अंतरे अतिनवताऱ्यांवरून काढलेल्या अंतरांशी ढोबळमानाने जुळतात. हा मेळ तंतूंच्या स्पष्टीकरणाला जड जातो, हे नारळीकरांविषयी पूर्ण आदर ठेवूनही मान्य करावे लागते.

कृष्णद्रव्याबाबत मात्र सावधगिरी हवी. अतिनवताऱ्यांवरून विश्वातील एकूण द्रव्याचे प्रमाण (सुमारे ३० टक्के) अजमावता येते, त्या द्रव्याचे स्वरूप नव्हे. कृष्णद्रव्य 'दिसले' असे लोकप्रिय लेखनातील विधान म्हणूनच दिशाभूल करते.

तेजाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न तरीही मिटलेला नाही. कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असावी, असा संकेत 'डेसी' प्रकल्पाच्या २०२४ व २०२५ च्या निरीक्षणांतून मिळाला. मात्र अतिनवताऱ्यांचा कोणता संच सोबत घेतला, यानुसार त्या संकेताचे बळ बदलते.