चार पेपरांत मावलेली चित्रकला

पावसाळा सरत आला की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या स्टेशनरीच्या दुकानांत पोस्टर कलरच्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे दिवस जवळ आलेले असतात. कला संचालनालयाची ही शासकीय रेखाकला परीक्षा दरवर्षी राज्यभरातली लाखो मुलं देतात. एरवी वेळापत्रकाच्या कोपऱ्यात पडलेला विषय तेवढ्यापुरता घराघरांत बोलला जातो. महाराष्ट्रातल्या माध्यमिक कलाशिक्षणाची तब्येत पाहायची तर नाडी इथंच तपासावी लागते. हा विषय शाळांत टिकला तो या परीक्षेमुळे, आणि आक्रसला तोही तिच्यामुळेच.

परीक्षेची मुळं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आहेत. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेत १८७९ मध्ये रेखनशिक्षणाची आणि १८९३ मध्ये रेखनशिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. तेव्हाच्या सरकारला कारागीर आणि नकाशे काढणारे हात हवे होते. कलावंत घडले तर तो वरचा लाभ. आजच्या पेपरांतही तो हेतू स्पष्ट दिसतो: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्य भूमितीसह अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. यातला मुलांचा सर्वांत नावडता पेपर भूमितीचा. खरं तर चारांतला सर्वांत प्रामाणिक पेपर तोच आहे. तिथे रेघ चुकली तर चुकली, पाठ केलेल्या युक्तीनं ती झाकता येत नाही.

स्मरणचित्रात मात्र झाकता येतं. घाटकोपरच्या मुलाच्या डोळ्यांसमोर २०१४ पासून मेट्रो धावते. फलाटावरची रेटारेटी, जिन्याखालचा मोबाइल कव्हरवाला, टेकडीवर चढत गेलेली वस्ती हे सगळं तो रोज पाहतो. तरी विषय ‘बाजार’ असा आला की त्याच्या कागदावर आठवडी बाजार भरतो. डावीकडे टोपलीवाली, उजवीकडे फुगेवाला, मागे कौलारू घर आणि पुढे पाठमोरी आकृती, म्हणजे चेहरा काढायला नको! या पाठमोऱ्या आकृतीचा शोध कोणत्या क्लासमध्ये लागला हे सांगता येणार नाही, पण तिनं कित्येक मुलांना वरची श्रेणी मिळवून दिली असणार. क्लासात चार-पाच ‘सेटिंग्ज’ घोटून घेतात आणि मूल विषयानुसार त्यांत माणसं बदलत जातं. पेपरचं नाव स्मरणचित्र आहे आणि मुलांना स्मरतो तो क्लास.

इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण जोडले गेले तेव्हा या घोकंपट्टीला सरकारी बळ मिळालं. ए श्रेणीला ७, बीला ५ आणि सीला ३. अकरावीच्या प्रवेशात अर्ध्या टक्क्यावरून कॉलेज हुकणाऱ्या शहरात सात गुणांचं मोल वेगळं सांगायला नको. २०२० मध्ये करोनामुळे परीक्षा झाली नाही आणि पुढे त्या वर्षीच्या दहावीला हे गुण न देण्याचं ठरलं. तेव्हा जी ओरड झाली ती गुण बुडाल्याची होती. वर्षभर मुलांनी चित्रं काढली नाहीत याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

याच उपनगरांत दुसरी व्यवस्थाही नांदते. आयसीएसई शाळेत कला हा दहावीचा गुणांचा विषय म्हणून घेता येतो. अंधेरी-पवईच्या आंतरराष्ट्रीय शाळांत केंब्रिजचा ‘आर्ट अँड डिझाइन’ विषय असतो. त्यात विद्यार्थी कित्येक महिने एकाच कल्पनेचा पाठपुरावा करतो, फसलेली रेखाटनंही जपून ठेवतो आणि ती सारी तपासली जातात. अंतिम कामासाठी आठ तास मिळतात. तिथेही नटवलेल्या फायली असतातच. फरक इतकाच की मूल चित्रापर्यंत कसं पोचलं, हे तिथे विचारलं जातं. आपल्याकडे फक्त शेवटचा कागद बघतात.

हा फरक पवईत जाऊन बोचतो. आयआयटीचं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर तिथे १९६९ पासून आहे. बारावीनंतरच्या पदवीसाठीची यूसीड ही प्रवेशपरीक्षा निरीक्षण, अवकाशाची जाण आणि कल्पकता तपासते. त्यासाठी लागणारी नजर आठवी-नववीत घडायला हवी. ती शाळेत घडत नाही म्हणून यूसीडचे स्वतंत्र क्लास निघाले आणि त्यांची फी परवडणं ही डिझायनर होण्याची पहिली पायरी झाली.

राज्य मंडळाला याची जाणीवच नाही असं नव्हे. नववी-दहावीसाठी बालभारतीनं ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हे पुस्तक काढलं. कल्पना चांगली होती. पण मुख्य परीक्षेच्या गुणांत न धरलेला विषय दहावीच्या वर्षी किती शाळा शिकवतात हे पालकांना ठाऊक आहे. आणि रसास्वादासाठी लांब जायला नको. बोरिवलीत कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत, मंडपेश्वरला नटराजाचं शिल्प आहे, अंधेरीला महाकालीची बौद्ध लेणी, शेजारी जोगेश्वरी. इतकं शिल्पवैभव रिक्षाच्या अंतरावर असलेली शहरं जगात फार नसतील. अक्षरलेखनाचंही तेच. मराठी नाटकांच्या शीर्षकांना ज्यांच्या अक्षरांनी चेहरा दिला ते कमल शेडगे मुलुंडचे. त्यांची अक्षरं गिरवण्यात मुलाचा एक तास गेला तरी देवनागरीचं वळण, वजन आणि तोल त्याला कळेल. पेपरात मात्र अक्षर पट्टीनं आखून चौकटीत बसवलं की झालं.

उपाय सुचवणं सोपं आहे: श्रेणीतला काही हिस्सा वर्षभराच्या चित्रवहीला द्यावा. अडचण लगेच येते. लाखो वह्या तपासणार कोण, आणि शाळेनं दिलेल्या अंतर्गत गुणांवर विश्वास ठेवणार कोण? ते काम चित्रकला शिक्षकाचं. पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कलेसाठी ‘अंशकालीन’ निदेशक नेमायचा आहे. एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, करून बाहेर पडलेला तरुण मग सकाळी एका शाळेत तासिका घेतो, दुपारी दुसरीकडे आणि संध्याकाळी स्वतःचा क्लास चालवतो. घरभाडं त्या क्लासातून निघतं. पाठमोरी आकृती तोही शिकवतो, कारण पालकांना ए ग्रेड हवी असते.