डाव सोडायचा कधी? अल्फागो झीरोच्या एका परिच्छेदाबद्दल

पेपर वाचताना मेथड्स सेक्शन आपण वरवर चाळतो. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. म्हणून आज एका मेथड्स सेक्शनमधला एकच छोटा परिच्छेद घेऊन बसू या. पेपर २०१७ चा, ‘नेचर’मधला, गो खेळणाऱ्या अल्फागो झीरो या प्रोग्रॅमवरचा. आणि परिच्छेदाचा विषय तुम्ही रात्री हॉस्टेलवर ज्यावरून भांडता तोच: हरत आलेला डाव सोडायचा कधी?

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्यांना तिथली रीत सांगायला नको. वजीर फुकट गेला, बदल्यात काही मिळालं नाही, की झेंड्याचं बटण दाबायचं. स्टारक्राफ्टमध्ये हरणारा ‘जीजी’, म्हणजे ‘गुड गेम’, टाइप करून बाहेर पडतो. जिंकणाऱ्याने ते आधी टाइप केलं तर तो उद्धटपणा समजतात. न सोडणाऱ्याला मात्र सगळे एकाच माळेत ओवतात. त्यात खरं तर तीन वेगळे लोक असतात. एक शेवटच्या प्याद्यापर्यंत खेळतो. दुसरा नेट बंद करून पळतो. तिसरा काहीच न खेळता घड्याळ चालू ठेवतो आणि समोरच्याला सहा मिनिटं बसवून ठेवतो. हा तिसरा म्हणजे शुद्ध रडीचा डाव, त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्याने नेमकं काय वाईट केलं?

माझा आक्षेप इथे आहे. ‘आता सोड की’ या वाक्यात दोन गोष्टी गुंडाळलेल्या असतात. एक विनंती: माझा वेळ घालवू नकोस. आणि एक दावा: हा डाव तू हरलेला आहेस. विनंती रास्त आहे. दावा मात्र कुणी तपासत नाही, आणि डाव सोडला की तो तपासायची सोयही संपते. पुढच्या खेळ्या झाल्याच नाहीत, मग चूक होती की नव्हती ते कळणार कुठून? हजार डाव सोडा, हजारही वेळा तुमचा अंदाज बरोबरच दिसेल.

अंदाज चुकतो याचं सगळ्यात ठळक उदाहरण समोरासमोरच्या पटावरचं आहे. ४ मे १९९७, न्यूयॉर्क, डीप ब्लूविरुद्धचा दुसरा डाव. कास्पारोव्हने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच गोटातल्या लोकांनी त्याला सांगितलं, की लागोपाठ शह देत बरोबरी साधता आली असती. जगज्जेत्याचा अंदाज चुकला, आणि ते कळलं ते केवळ सगळं जग त्या पटाकडे बघत होतं म्हणून. तुमच्या-माझ्या डावांकडे कोण बघतंय?

आता तो परिच्छेद. अल्फागो झीरो स्वतःशीच खेळून शिकतो. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्याने ४९ लाख डाव खेळले. प्रत्येक डाव शेवटपर्यंत न्यायचा तर गणनेचा वेळ वाया जातो, म्हणून उघड हरलेले डाव सोडून दिले जातात. इथपर्यंत आपलाच शिष्टाचार. पण पुढे लेखक म्हणतात, की सोडण्याची मर्यादा अशी आपोआप ठरवली जाते, की फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे सोडले नसते तर जिंकता आले असते असे डाव, ५ टक्क्यांच्या खाली राहावेत. आणि हे मोजण्यासाठी १० टक्के डावांत सोडण्याची सोयच बंद ठेवली. ते डाव कितीही वाईट झाले तरी शेवटपर्यंत खेळायचे.

हे पुन्हा वाचा. साधारण पाच लाख डाव केवळ ‘आपण लवकर हार मानतोय का?’ हे बघण्यासाठी खर्च केले. पेट किंवा नेटच्या अभ्यासात कंट्रोल ग्रुपची व्याख्या तुम्ही पाठ केली असेल; मला ती कळली ती या परिच्छेदात.

पण कौतुकावर थांबायला नको. ५ टक्केच का? त्या परिच्छेदात कारण नाही. आपल्याकडचा ०.०५ सुद्धा असाच सवयीने आलेला आकडा आहे, आणि सवयीचा आकडा दिसला की पेन्सिलने खूण करायची सवय लावून घ्या. दुसरं असं, की हे सगळं मोजमाप स्वतःविरुद्धच्या डावांचं आहे. समोरचा तुमच्याच ताकदीचा असेल तर ‘हरलेला’ या शब्दाला एक अर्थ. समोर घड्याळाकडे बघत घाईत खेळणारा माणूस असेल तर दुसरा.

याची गंमत आधीच्या अल्फागोने दाखवली होती. २०१६ च्या पेपरमध्ये त्याचा नियम साधा होता: जिंकण्याची शक्यता १० टक्क्यांच्या खाली गेली की सोड. मार्च २०१६ मध्ये सोलला ली सेडॉलविरुद्ध चौथ्या डावात लीच्या ७८ व्या खेळीने चित्र फिरलं. आपण अडचणीत आहोत हे प्रोग्रॅमला ८७ व्या खेळीच्या सुमारास कळलं, असं डेमिस हसाबिसने तेव्हाच ट्विटरवर सांगितलं. आणि डाव सोडला १८० व्या खेळीनंतर. मधल्या काळात त्याने समोरच्याने ढोबळ चूक केली तरच उपयोगी पडतील अशा खेळ्या केल्या. माणसाने हे केलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं. यंत्राला मान-अपमान नाही, त्याच्याकडे फक्त मर्यादा होती. मला त्यात असभ्यपणा दिसत नाही. मर्यादा आधी लिहून ठेवली होती आणि ती पाळली, एवढंच दिसतं.

हे सगळं का सांगतोय? पहिल्या वर्षी मी सॉल-जेल पद्धतीने पातळ फिल्म बनवत होतो. चार बॅच धुरकट आल्या. पाचवी केलीच नाही. वहीत लिहिलंय: ‘जमत नाही, बंद.’ कारण नाही, मर्यादा नाही. गेल्या महिन्यात थीसिसच्या प्रकरणासाठी ती वही उघडली तेव्हा तारखा दिसल्या. चारही बॅच जुलै-ऑगस्टच्या. धो धो पाऊस, लॅबमध्ये डीह्युमिडिफायर नाही. पद्धत वाईट होती की हवा दमट होती, हे आज मी सांगू शकत नाही. पद्धत चालत नाही असं मात्र मी सेमिनारमध्ये ठामपणे सांगून मोकळा झालो होतो, आणि एका ज्युनिअरने त्या भरवशावर दुसरा विषय निवडला. तिला हे अजून सांगितलेलं नाही. हा लेख टाकायच्या आधी सांगणार आहे.

आता त्याच पद्धतीच्या सहा बॅच पुन्हा करायच्या, त्यातल्या तीन डिसेंबरात, आणि सहापैकी किमान दोन स्वच्छ आल्या नाहीत तर सोडायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून सरांकडे गेलो. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “डिसेंबरपर्यंत थांबायला तुझी फेलोशिप पुरणार आहे का?” प्रश्न बरोबर आहे. अल्फागोकडे पाच लाख डाव होते, माझ्याकडे नऊ महिने उरलेत. शुक्रवारी पुन्हा भेटायचं ठरलंय.