नाव गाळलेले चित्रपट

सिनेमाचा नाद मला वस्तीने लावला. ताडीवाला रोडला भीमजयंतीची मिरवणूक परतली की पडदा बांधला जाई आणि पहाटेपर्यंत जे लागेल ते आम्ही पाहत असू, मग ते बाबासाहेबांवरचे असो की मिथुनचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण पहिला समीक्षक माझे वडील. झाडूकामावरून आल्यावर ते सिनेमाची गोष्ट अशी सांगत, की पुढे प्रत्यक्ष सिनेमा पाहताना पुष्कळदा निराशाच पदरी पडे. तेव्हा हे टिपण एका शौकिनाचे आहे असे समजून वाचावे. चित्रपटशास्त्राशी माझा संबंध नाही.

2025 साली जातीला हात घालणारे तीन हिंदी चित्रपट पाच महिन्यांत आले. अनंत महादेवन यांचा ‘फुले’ 25 एप्रिलला, शाझिया इक्बाल यांचा ‘धडक 2’ 1 ऑगस्टला आणि नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ 26 सप्टेंबरला. आपल्या माणसाला याचा आनंद होणारच. मलाही झाला. परंतु आनंदाच्या भरात विवेक गहाण ठेवण्याची सवय आपल्या चळवळीला पुष्कळ महागात पडली आहे, म्हणून थोडे बोलतो.

‘फुले’ खरे तर 11 एप्रिलला, जोतिरावांच्या जयंतीदिनी येणार होता. झलक पाहूनच काही ब्राह्मण संघटना दुखावल्या आणि चित्रपट दोन आठवडे पुढे गेला. त्याआधीच प्रमाणन मंडळाने बदल सुचवले होते. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढा; तीन हजार वर्षांच्या गुलामीऐवजी ‘कित्येक वर्षांची’ म्हणा. वर्तमानपत्रांतून हे सर्वांनी वाचले आणि बहुतेकांनी सोडून दिले. दोन-चार शब्दांनी काय होते, असे आमच्या स्टाफरूममधले एक पुरोगामी गृहस्थही मला म्हणाले.

काय होते ते सांगतो. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने एक निबंध लिहिला. 1855 साली तो ‘ज्ञानोदय’ने छापला. त्याचे शीर्षकच मांग-महारांच्या दुःखाविषयी आहे. त्यात ती बाजीरावाच्या राज्यातली हकिकत सांगते: तालमीपुढून गेलेल्या मांग-महाराचे मुंडके गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखे खेळवले जाई. ही गुलटेकडी म्हणजे आज आपण जिथे भाजी-कांदा घ्यायला जातो ती, मार्केट यार्डाची. आता मंडळाची यादी या निबंधावर ठेवून पाहा. महार गेला, मांग गेला, पेशवाई गेली. उरले काय? एका मुलीला कोणी तरी, कधी तरी, कुठे तरी दुःख दिले, एवढेच. फुल्यांच्या शाळेने जे सगळ्यात मोठे काम केले ते हे, की ज्याला नाव घ्यायची बंदी होती त्याच्या हाती पाटी-पेन्सिल देऊन त्याला नाव लिहायला लावले. त्या फुल्यांवरच्या चित्रपटातून नावे काढायला सांगणे ही दुरुस्ती नव्हे. तो शाळेवरच पुन्हा फेकलेला शेणगोळा आहे.

दिग्दर्शकाचा हेतू चांगला आहे, हे मी नाकारत नाही. प्रतीक गांधी संयमाने उभे राहतात आणि पत्रलेखा कुठे कुठे मनाला भिडतात. पण माणसे एकमेकांशी बोलण्याऐवजी पुतळ्यासमोर भाषण केल्यासारखी बोलतात. वडिलांना सोबत नेले होते. बाहेर पडून चहा घेताना ते म्हणाले, “माणसं लई स्वच्छ होती रं. कपडे, रस्ते, समदं. त्या काळात एवढी सफाई केली कुणी म्हणायची?” आयुष्यभर या शहराचे रस्ते झाडलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. मी वाचलेल्या एकाही परीक्षणात तो आला नाही. (1954 साली अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला आणि 2024 साली नीलेश जळमकरांचा ‘सत्यशोधक’ आला. हे दोन्ही मराठी चित्रपट आणि हा हिंदी, असे तिन्ही शेजारी ठेवून आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी लिहायला हवे.)

‘धडक 2’विषयी थोडक्यात. 2018 च्या ‘धडक’ने नागराजचा ‘सैराट’ घेतला आणि त्यातली जात काढून ठेवली. म्हणजे भाकरी टाकून टोपले उचलले. या दुसऱ्याने मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’चा आधार घेऊन जात परत आणली, ही मोठीच गोष्ट. कायद्याच्या वर्गात इंग्रजीपुढे अडखळणारा नीलेश पाहताना माझे पहिले वर्ष मला आठवले. परंतु नायक आमच्यातला दाखवायचा म्हटल्यावर गोऱ्या नटाचा चेहरा काळवंडून घ्यावा लागतो, याचा अर्थ काय? आमची दुःखे पडद्याला चालतात, आमची पोरे मात्र चालत नाहीत.

या तिघांत खरा चित्रपट ‘होमबाउंड’. त्यात भाषण नाही. चंदनची आई शाळेत स्वयंपाकाला लागते आणि पोरांच्या आईबापांना तिच्या हातचे चालत नाही. तिच्या टाचांच्या भेगांकडे कॅमेरा पाहतो, आणि पाहणाराला आपली आई आठवते. चंदन शिकलेला आहे, धीट आहे, तरी फॉर्मवर आरक्षणाच्या रकान्यापाशी त्याचा हात थांबतो. नाव सांगताना तो नुसते ‘कुमार’ म्हणून थांबतो. मंडळाने ‘फुले’तून जे काढायला सांगितले ते हा पोरगा स्वतःच्या तोंडून स्वतःच काढतो. मंडळाची कात्री दिसते तरी; ही दिसत नाही.

मला ती दिसली, कारण मीही ती चालवली आहे. एम.ए.ला असताना शहराच्या मध्यवस्तीतल्या एका घरमालकाला मी माझे आणि वडिलांचे नाव सांगून थांबलो होतो. खोली मिळाली. दोन वर्षे मी तिथे बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवला. वडील भेटायला आले तेव्हा मी त्यांना चौकातच गाठले आणि हॉटेलात नेले. त्यांनी खोली पाहायची आहे असे एकदाही म्हटले नाही.

नोकरी लागल्यावर मी वर्गात हजेरी फक्त पहिल्या नावाने घ्यायचे ठरवले. आडनावामुळे कोणाची मान खाली जाऊ नये, हा हेतू. ‘होमबाउंड’ पाहून आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने तासानंतर विचारले, “सर, माझं आडनाव घ्यायला तुम्हाला अवघड वाटतं का? मला वाटत नाही.” मी हेतू समजावून सांगितला. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “हो, पण ते तुम्ही आम्हाला विचारून ठरवलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले. निम्म्या वर्गाने पूर्ण नाव घ्या म्हटले. काही गप्प राहिले, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी सर्वांत जास्त बोलतो, तो खिडकीबाहेर पाहत बसला. त्याचे नाव मी अजून पहिलेच घेतो.