कोयनेच्या धरणाचे तडे आणि गणिताची साक्ष

ता. 11 डिसेंबर 1967 रोजीं पहांटे कोयनेच्या खोऱ्यांत झालेल्या भूकंपानें कोयनानगरांतील पुष्कळ घरें पडलीं व दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. 103 मीटर उंचीचें धरण उभें राहिलें. परंतु त्याच्या उंच भागांत दोन्ही अंगांस आडवे तडे गेले. ते कां गेले हें निरनिराळ्या गणितपद्धतींनीं कसें सांगितलें, याचें परीक्षण येथें करावयाचें आहे. जुन्या कागदपत्रांच्या त्रैमासिकांत हा विषय कां, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर हें कीं, देवळें, वाडे व तटबुरूज भूकंपांत टिकतील किंवा नाहीं हें ठरविण्यास आज याच पद्धती लावतात, आणि जुनें बांधकाम राखावें कीं पाडावें याचा निकाल त्यांवर अवलंबून राहतो.

या प्रकरणीं दोन अस्सल साधनें आहेत. एक, प्रत्यक्ष तडे; दुसरें, धरणांतील यंत्रानें त्याच वेळीं टिपलेला धक्क्याचा आलेख. त्यांत धरणाच्या लांबीच्या दिशेस गुरुत्वाकर्षणाच्या 0.63 पट, तिला आडव्या दिशेस 0.49 पट व उभ्या दिशेस 0.34 पट इतका कमाल प्रवेग नोंदलेला आहे. असें समकालीन व घटनास्थळींचें साधन दुर्मिळ होय. मात्र यंत्र धरणाच्याच गॅलरींत होतें. सबब तो आलेख मोकळ्या जमिनीचा मूळ लेख नसून, धरणाच्या स्वतःच्या हालचालीचा हात फिरलेली नक्कल असणें संभवतें.

पहिली पद्धत स्थिर गुणकाची. वजनाचा ठराविक हिस्सा आडव्या जोराच्या रूपानें बांधकामावर लावावयाचा. कोयनेस तो 0.05 धरला होता, आणि तळापासून माथ्यापर्यंत एकसारखा. हलतांना माथा तळापेक्षां पुष्कळ अधिक झुलतो, ही मुख्य गोष्टच यांत गळते. म्हणून या गणितास तड्यांची चाहूल लागली नाहीं.

दुसरी पद्धत प्रतिसाद-वर्णपटाची. कंपनाच्या प्रत्येक प्रकाराचें कमाल मूल्य काढून ती सर्वांचा मेळ घालते. नवें बांधकाम आंखण्यास ती सोयीची आहे. पण कोणता ताण कोणत्या क्षणीं आला, हा क्रम तींत राहत नाहीं. जमाखर्चाच्या रकमा आहेत पण मित्या नाहींत, अशा फर्दीसारखी ही साक्ष आहे.

तिसरींत आलेख क्षणाक्षणाच्या क्रमानें लावतात. चोप्रा व चक्रबर्ती यांनीं 1973 सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत धरणाचे लहान लहान घटक कल्पून हें गणित केलें. तळापासून सुमारें 66 मीटरांवर, जेथें धरणाच्या बाहेरील अंगाचा उतार एकाएकीं बदलतो, तेथें काँक्रीटास न पेलणारा ताण त्यांना आढळला. आणि तडे त्याच सुमारास होते. आमच्या मतें या विषयांतील हा निर्णायक लेख होय. तथापि त्यांतील काँक्रीट कधींच भंगत नाहीं. सबब तडा कोठें सुरू होईल हें तो सांगतो, कोठवर जाईल हें नव्हे.

ही उणीव चौथी, म्हणजे अरेषीय पद्धत भरून काढते. ली व फेन्व्हस यांच्या 1998 च्या लेखांत तडा उमटतो, उघडतो व मिटतो. येथें मात्र आम्हांस एक आक्षेप नोंदविणें भाग आहे. तड्याची जागा तीस वर्षें सर्वांस ठाऊक होती. काँक्रीटाचें बळ, कंपनाचें शमन, भंगास लागणारी शक्ति हे आंकडे गणित करणारानें निवडावयाचे असतात. ज्यास निकाल आधींच माहीत आहे, त्याच्या साक्षीस स्वतंत्र पुराव्याचें मोल देतां येत नाहीं. शिवाय अशा गणितांत धरणाच्या पाण्याकडील टांचेसहि भंग दिसतो. गळ्याचा तडा जुळला म्हणून आनंद मानावयाचा, तर टांचेच्या तड्याचीहि तितकीच कसून छाननी झाली पाहिजे.

जुन्या इमारतींची स्थिति याहून बिकट आहे. तेथें आलेख नाहीं आणि चुन्याचें बळ कोणीं मोजलेलें नाहीं. दगड एकमेकांवर सरकतात व डोलतात. प्रत्येक दगड वेगळा धरणारी पद्धतहि आहे, पण सांध्यांची खरी माहिती नसेल तर तिची सूक्ष्मता वरवरची ठरते. म्हणून आमचें मत असें: आरंभ सोप्या पद्धतीनें करावा, तिनें प्रश्न सुटत नसेल तेव्हांच सूक्ष्म पद्धत घ्यावी, आणि निवडलेले आंकडे थोडे बदलल्यास उत्तर किती बदलतें, हें दरवेळीं छापावें. पाठभेद न देतां छापलेली पोथी आपण प्रमाण मानीत नाहीं. इमारत पाडण्याचा निकाल देणाऱ्या गणितासहि हाच नियम लागू असावा.